फिका रंग पाहून हुरळू नकोस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मऊ प्रवाळ आणि गॉर्गोनियन (फांद्यांसारखे वाढणारे त्यांचे भाऊबंद) यांच्यातल्या दाहशामक, म्हणजे सूज-जळजळ कमी करणाऱ्या, रेणूंवर पीएचडी करायची ठरवलीस, फार बरं वाटलं. तुझा प्रस्ताव वाचला. सगळा भर नवा रेणू शोधण्यावर आहे. अगं, नवे रेणू सापडतात. तैवानच्या संशोधकांनी सायन्युलेरिया, लोबोफायटम यांसारख्या प्रवाळांतून सेम्ब्रेन नावाच्या कार्बनी रेणूंच्या वर्गातले कितीतरी काढले आहेत. खरं अडतं ते पुढे.

मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना एलपीएस, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला दाह पेटवणारा पदार्थ, देऊन चेतवशील, त्यांवर तुझा अर्क घालशील आणि नायट्राइट दाखवणारा ग्रीस अभिकर्मक टाकशील. चेतलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याचं नायट्राइट होतं; ते भरपूर असेल तर चाचणीच्या ताटलीतल्या खळग्यात गडद गुलाबी रंग येतो. तुझ्या खळग्यात तो फिका पडला, तर दाह कमी झाला असेल, किंवा पेशीच मेल्या असतील! मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, म्हणून विषारी अर्कही या चाचणीत औषधासारखा दिसतो. सेम्ब्रेन वर्गातले अनेक रेणू पेशींना मारक असतात, तेव्हा हा धोका तुला पावलोपावली आहे. त्याच मात्रेत, तेवढाच वेळ पेशी जगल्या का, हे प्रत्येक वेळी तपास. यात सवलत नाही.

दुसरा प्रश्न, माल कुठून आणणार? स्यूडोप्टेरोसिन या दाहशामक रेणूंचा इतिहास नीट वाच. विल्यम फेनिकल, रॉबर्ट जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी कॅरिबियन समुद्रातल्या एका गॉर्गोनियनमधले हे रेणू 1986 मध्ये जगापुढे मांडले. सूज आणि वेदना कमी करण्यात ते इंडोमेथॅसिन या दाहशामक औषधालाही सरस ठरले. पुढे त्या गॉर्गोनियनचा अर्क सौंदर्यप्रसाधनांत गेला आणि बहामात त्याची कापणी सुरू झाली. तिथे प्रवाळाची अख्खी वसाहत उपटत नाहीत, फांद्या छाटतात, म्हणजे ती पुन्हा वाढते. मला ही शिस्त रेणूइतकीच मोलाची वाटते. 2022 मध्ये तर असे टर्पीन रेणू (सेम्ब्रेन आणि स्यूडोप्टेरोसिन याच कुळातले) घडवणारी जनुकं प्रवाळांच्या स्वतःच्या जीनोममध्येच सापडली. ती जिवाणूत घालून रेणू बनवता आले, तर समुद्राला हात लावायची गरजच कमी होईल. तुझ्या पिढीने हेच काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आणि मालवणला डुबकी मारून नमुने आणू म्हणतेस, ते लगेच नको. आपल्याकडे गॉर्गोनियनांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आधी रीतसर परवानगी, मग फांदी.

प्रस्ताव पुन्हा लिहिशील तेव्हा पेशी जगल्याचा तक्ता पहिल्या पानावर घे. त्याखाली एक ग्रॅम शुद्ध रेणूला किती ओला प्रवाळ लागेल, याचा हिशेब मांड. मग आपण बसून बोलू.

तुझे,
सर