अण्णांचं पोट आणि रात्रीचं चूर्ण

प्रश्न: ताई, माझे सासरे 76 वर्षांचे, आम्ही गुहागरजवळ राहतो. पाच-सहा वर्षं पोट साफ होत नाही, तीन-तीन दिवस जात नाहीत आणि मग सगळ्या घरावर चिडचिड. मेडिकलमधून आणलेलं आयुर्वेदिक चूर्ण रोज रात्री घेतात, आधी एक चमचा पुरायचं आता दोन लागतात. बीपीची गोळी आहे, शुगर नाही. कवळीमुळे भात आणि कुळथाची पिठी एवढंच जेवतात. संडास मागीलदारी, पावसात पहाटे जायचा कंटाळा करतात. चूर्ण आयुर्वेदिकच आहे तर चालू ठेवू ना?

उत्तर: आयुर्वेदिक आहे म्हणून वर्षानुवर्षं घ्यावं असं नसतं हो. पाकीट उलटं करून वाचा, अशा बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला डिवचून काम करून घेते, शिवाय काहींत ज्येष्ठमध नि काळं मीठ, बीपीवाल्याला ते रोज नको. पण एकदम बंद करू नका, नाहीतर अण्णा अडून बसतील आणि बोल तुम्हालाच लागेल. आधी पुढचं सुरू करा, आठ-दहा दिवसांनी चूर्ण एक दिवसाआड करत कमी करा.

म्हातारपण हा वाताचा काळ, वात कोरडा, म्हणून आधी स्निग्धपणा हवा. रात्री कपभर कोमट पाण्यात एक चमचा साजूक तूप, आणि दहा-बारा काळ्या मनुका भिजवून कुस्करून, कवळीलाही जमतात. ते पुरलं नाही तर अर्धा चमचा त्रिफळा. इसबगोल घेणार असाल तर वर पूर्ण ग्लासभर पाणी हवंच, कमी पाण्यात ते आतच अडकतं. (हार्ट किंवा किडनीसाठी पाणी मोजून सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारून.)

आता पिठी. रागावू नका, मीही कोकणातलीच, पण कुळीथ ग्राही म्हणजे मल बांधणारा सांगितलाय, रोज रात्री तोच नको. आठवड्यातून दोनदा करा, वर तूप घाला, बाकी दिवस अळूचं फतफतं, लाल माठ, पडवळ, मऊ शिजवून.

आणि तो कंटाळा! चरकांनी अडवू नयेत असे 13 वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाका, सांगितलेत, त्यात शौचाचा आहेच. मागीलदारी बल्ब लावा, धरायला दांडी बसवा, सकाळच्या चहानंतर दहा मिनिटं बसायचंच. कमोड असेल तर पायाखाली पाट.

एरंडेल किंवा बस्ती (गुदद्वारातून औषध देणं) घरच्या घरी नको, वैद्य बघून ठरवतील. बीपीच्या काही गोळ्यांनीही मल घट्ट होतो, लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनीही, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

रक्त पडलं, मल काळा झाला, वजन उतरलं किंवा पोट फुगून उलट्या झाल्या तर मात्र तूप-मनुका बाजूला ठेवा नि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.