बोली का येत नाही?

प्रश्न : वडिलांचा पेंटॅक्स के१००० कॅमेरा, ५० मिमी एफ/२ लेन्स आणि फ्लॅश असा संच ऑनलाइन लिलावात दोनदा टाकला. ‘चालू स्थितीत’ असं लिहिलं होतं. चौकशा भरपूर आल्या, बोली एकही नाही. किंमत उतरवू का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : किंमत राहू द्या, आधी ‘चालू स्थितीत’ काढा. घेणारा त्याचा अर्थ ‘तपासलेला नाही’ असाच लावतो. जे सांगितलेलं नाही ते बिघडलेलंच, असं धरून तो बोली लावतो किंवा पुढे सरकतो.

माल मुंबईचा म्हटला की पहिली शंका बुरशीची. इथल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. लेन्स काढा, तिच्यावरची रिंग एफ/२ वर, म्हणजे पूर्ण उघडी, आणा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि समोरून फोटो घ्या. बुरशी असो वा नसो, हाच फोटो वर टाका.

मग शटर. कॅमेऱ्यात रोल नाही याची खात्री करून मागचं झाकण उघडा, लेन्सशिवायच खिडकीकडे धरा आणि शटरचा वेग १/१००० सेकंदावर ठेवून बटण दाबा. चौकट पूर्ण उजळायला हवी. एक बाजू काळी राहिली तर शटरचे पडदे सारखे धावत नाहीत. १ सेकंदावर शटर अडकत असेल तर आतलं तेल सुकलंय. दोन्हींचा आवाजासकट व्हिडिओ करा. के१०००चं शटर सेलशिवाय चालतं. सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. म्हणून नवा एलआर४४ घालून व्ह्यूफाइंडरमधला काटा हलतो का ते वेगळं लिहा. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर तेही लिहा. तो बदलता येतो, त्यापायी कुणी मागे हटत नाही. विकण्याआधी सर्व्हिसिंग मात्र करू नका, तो खर्च सहसा निघत नाही.

कॅमेऱ्याच्या कपाळावर, लेन्सच्या वरच्या बाजूला, ‘असाही’ (Asahi, पेंटॅक्स बनवणारी कंपनी) हे नाव असेल तर त्याचा जवळून फोटो हवाच. ते नाव सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर असतं, आणि शोधणारे नेमके तेच शोधतात.

फ्लॅश वेगळा विका. जुन्या फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज (तो उडताना कॅमेऱ्याच्या जोडणीवर येणारा विजेचा दाब) डिजिटल कॅमेऱ्याला झेपेलच असं नाही, तशी सूचना द्या. सुरुवातीची बोली, ज्याखाली द्यायचाच नाही असा आकडा ठेवा. मुदत सात दिवस, शेवट रविवारी रात्री नऊच्या सुमारास. त्या रात्री भारताची मॅच नाही ना, तेवढं बघा!

पाठवताना सेल काढा, लेन्स वेगळी गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या टाका. खोक्यात खोकं, मधे सगळीकडून पाच सेंटीमीटर भर. हलवून आवाज आला तर पुन्हा बांधा. बांधल्यावर वजन करून टपालखर्च आधीच जाहीर करा.

प्रश्न : बोली जिंकलेला गृहस्थ म्हणतो, ‘क्यूआर पाठवतो, स्कॅन केलात की पैसे जमा होतील.’ करू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना यूपीआय पिन. पिन टाकलात की पैसे तुमच्या खात्यातून जातील. रक्कम आल्याचं बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा, त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नव्हे, आणि मगच पार्सल हलवा.