पंचावन्नची अट आणि तुझा अर्ज

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तळमजल्यावरचा फ्लॅट, दाराला पायरी नाही, शॉवरला उंबरा नाही आणि जाहिरातीच्या तळाशी एक ओळ: ‘फक्त ५५ वर्षांवरील’. तू अजून तिशीचीही नाहीस, चीड येणारच. पण ‘हा वयावरून भेदभाव आहे’ असं काउन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेला, लिहू नकोस. इंग्लंडमधल्या २०१०च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये (समानतेच्या कायद्यात) घरं भाड्याने देण्याविषयीचा जो भाग आहे, तो वयाला लागूच होत नाही. अपंगत्वाला होतो. तेव्हा भांडायचं ते गरजेवरून.

शेल्टर्ड हाउसिंगमधली, म्हणजे वयस्करांसाठीच्या मदतीची सोय असलेल्या घरांमधली, ही ५५ किंवा ६०ची अट बहुतेक वेळा घरमालक संस्थेच्या धोरणातून येते. काही धोरणांत अपवादाची सोयही असते: अपंगत्वामुळे असंच घर लागत असेल, तर कमी वयाच्या अर्जदाराचा विचार होईल. हे वाक्य जाहिरातीत सापडेलच असं नाही. काउन्सिलला घरवाटपाचं धोरण मात्र जाहीर करावंच लागतं. ते रटाळ असतं, तरी शेवटपर्यंत वाच. कधीकधी अट बांधकामाच्या परवानगीतच घातलेली असते, मग संस्थेच्या हातात फारसं उरत नाही. म्हणून आधी ईमेलने विचार की ही अट कुणाची आणि अपवाद कोण करू शकतं. फोनवर मिळालेलं उत्तर नंतर कुणालाच आठवत नाही.

१९९६च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे आजारपण किंवा अपंगत्वामुळे घर बदलावं लागणाऱ्यांना वाटपात वाजवी प्राधान्य द्यावं लागतं. तुझा बँड, म्हणजे यादीतला प्राधान्याचा गट, मात्र कागदपत्रांवर ठरतो, आणि जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दोन ओळींनी तो फारसा हलत नाही. काउन्सिलला आजाराच्या नावापेक्षा सध्याच्या घरात तुला काय जमत नाही, हे हवं असतं. काउन्सिलकडे केअर ॲक्टखाली असेसमेंट, म्हणजे तुझ्या गरजांची पाहणी, माग. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं कशी जमतात ते पाहणारा तज्ज्ञ) घरी येईल त्या दिवशी आवराआवर नको. आपल्याकडे कुणी येणार म्हटलं की आई घर लखलखीत करते, चहा ठेवते आणि वर म्हणते, “तसं चाललंय आमचं, आम्ही आहोत ना!” हे वाक्य रिपोर्टात गेलं की तुझी निकड तिथेच संपते. बाबा तुला उचलून वरच्या बाथरूममध्ये नेतात, हे परक्या माणसाला सांगताना जीभ अडखळते. तरी तेच सांगायचं. दिवसातून किती वेळा, आणि त्यांची पाठ धरली त्या आठवड्यात काय केलंत, तेही.

‘आहे त्याच घरात सोय करून घ्या’ असंही सुचवतील. त्यासाठी इंग्लंडमध्ये डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट आहे, उत्पन्न पाहून ३०,००० पौंडांपर्यंत. तुमच्या जिन्यात लिफ्ट बसणार नसेल, तर का बसणार नाही हे रिपोर्टात यायलाच हवं. नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.

आता पैशाचं. शेजारच्या आजी-आजोबांना विचारून हिशेब करू नकोस, त्यांचे नियम वेगळे. काउन्सिल किंवा संस्थेच्या घरातल्या पेन्शनच्या वयाखालच्या भाडेकरूला एक खोली जास्तीची असेल, तर भाड्यासाठी मिळणाऱ्या मदतीत भाड्याच्या १४ टक्के कपात होते. रात्री मुक्कामाला केअरर लागत असेल, तर ती खोली जास्तीची धरत नाहीत, पण तेही रिपोर्टात हवं. इमर्जन्सी अलार्मचे पैसे सहसा आपल्याच खिशातून जातात. आणि हो, तुझा पासपोर्ट ब्रिटिश आहे म्हणून काउन्सिलच्या यादीची वाट तुला खुली आहे. वर्क व्हिसावर आलेल्या तुझ्या मावसभावाला हाच सल्ला देऊ नकोस.

माझं मत विचारशील तर फक्त शेल्टर्डच्या मागे लागू नकोस. मैत्रिणी रात्री राहायला आलेल्या चालतील का, हे बघायला जाशील तेव्हा तिथल्या भाडेकरूंनाच विचार. मॅनेजर गोडच बोलणार. हॅबिन्टेगसारख्या संस्थांची व्हीलचेअरला सोयीची घरं वयाच्या अटीशिवायही असतात, तिकडेही चौकशी कर.

नकार आला तर पत्रातली मुदत बघून लेखी फेरविचार माग. तिथेही नाही झालं, तर वाटपाची तक्रार लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे) जाते. हाउसिंग ओम्बड्समन वेगळा, तो घरमालकाच्या कारभारासाठी. चुकीच्या दारात महिने वाया जातात.

असेसमेंटची तारीख मिळाली की कळव. मी त्या दिवशी येऊन बसते. आईशीही मीच बोलेन.

तुझी,
काकू