नवी सायकल घेतली आहे आणि चार महिन्यांनी २०० किलोमीटरची राईड करायची आहे. सरावाला सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: पहिलीच गिअरची रोड सायकल, २८ मिमीचे टायर, सध्या दिवसाआड १५-२० किमी होतात, सोळा आठवड्यांनी २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड). मित्रांचा सल्ला असा की आधी सरासरी वेग ताशी २५ वर आण आणि क्लिपलेस पेडल (ज्यात बूट अडकून राहतो असं) लावून घे. मी बरीच वर्षं लांब पल्ल्याची सायकल चालवतोय आणि माझं मत नेमकं उलट आहे. सरासरीचं भूत आधी डोक्यातून काढा, पेडलचं शेवटी बघू.

का, ते आकड्यांतच बघा. २०० किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. ही शर्यत नसते, नंबर काढत नाहीत. ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी, वेळेत पोचायचं, कार्डावर नोंद करून घ्यायची आणि पुढे निघायचं. ब्रेव्हेचे नियम ठरवणाऱ्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच क्लबचे हे नियम जगभर लागू असतात: ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. साडेतेरा तासांत २०० म्हणजे थांबे धरून ताशी १५ सुद्धा पडत नाहीत. आता चालत्या सायकलचा वेग २० धरा. दहा तास चालवणं झालं, साडेतीन तास हातात राहिले. वेग २२ वर नेलात तर साधारण ५५ मिनिटं वाचतात. पण हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २० चे २२ करताना नुसत्या हवेपायी एक तृतीयांश जास्त जोर लागतो, आणि तो नऊ तास लावत राहावा लागतो. त्यापेक्षा पाच थांब्यांवर प्रत्येकी दहा मिनिटं कमी रेंगाळा. ५० मिनिटं वाचली, तीही घाम न गाळता.

म्हणजे सराव करायचा तो तासन् तास सीटवर बसण्याचा, चालता चालता खाण्याचा आणि थांब्यावरून वेळेत उठण्याचा. वेग ओघाने थोडा वाढतोच, त्याच्या मागे लागू नका.

बसण्यापासून सुरू करू, कारण २०० किमीला लोक पायांमुळे कमी आणि गुडघे, बूड, मान, तळहात यांमुळे जास्त सोडतात. सीटची उंची घरच्या घरी लावता येते. ज्या बुटांत चालवणार तेच घाला, भिंतीला टेकून सीटवर बसा, पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण टाच टेकवायला कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर आणलात की गुडघ्याला आपोआप हलकासा बाक येतो. आकड्यात हवं असेल तर दोन पायांच्या मधल्या सांध्यापासून जमिनीपर्यंतची आतली उंची मोजा आणि तिला ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत साधारण तेवढं अंतर येतं. आतली उंची ८० सेमी असेल तर ७०.६. ही फक्त सुरुवात, त्यापुढे शरीर सांगेल तसं. सीटपोस्टवर चिकटपट्टीने खूण करा आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवा. सीट, हँडल, सीटचा कल असं सगळं एकदम बदललंत तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

गुडघा पुढून दुखतोय? बहुधा सीट खाली आहे, नाहीतर तुम्ही जड गिअर रेटताय. मागून दुखत असेल तर सीट वर गेली असण्याची शक्यता जास्त. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातावर भार येतोय. अशा वेळी सीटचं नाक खाली झुकलंय का ते आधी बघा, त्यामुळे माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळं वजन हातांवर तोलतो. जाडजूड जेलचं कव्हर मात्र घेऊ नका. अर्धा तास मऊ वाटतं, मग बसकणीच्या हाडांनी उचलायचा भार नको तिथे पसरतो. चांगली पॅडेड शॉर्ट्स घ्या, आणि आत दुसरं काही घालू नका. (हे दुकानात कोणी सांगत नाही. आतल्या कपड्याची शिवणच कातडी सोलते.)

नवी सायकल पहिल्या काही आठवड्यांत थोडी सैल पडते, तो तिच्यातला दोष नव्हे. केबलची कव्हरं जागेवर बसतात आणि गिअर का-कू करायला लागतात. चेन मागच्या मोठ्या चकतीवर चढायला वेळ लावत असेल तर मागच्या डिरेलरपाशी (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) केबल जिथे आत शिरते तिथला बॅरल, म्हणजे केबल ताणायची छोटी फिरकी, सायकलच्या मागे उभं राहून बघताना, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा आणि पुन्हा बघा. नव्या चाकांचे स्पोकही सुरुवातीला टिणटिण आवाज करत बसतात, म्हणून दोन-तीनशे किमी झाल्यावर चाकं एकदा सरळ करून घ्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हँडलच्या मुळाशी टकटक लागली तर हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) ढिला आहे. पेडल स्वतः काढणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवा. आणि टायरच्या कडेवर लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायचीच असं नाही. २८ मिमीच्या टायरला, तुमचं वजन सत्तरच्या आसपास असेल तर, ६५ ते ७५ पीएसआय पुरे. मागे थोडी जास्त, पुढे थोडी कमी. दगडासारख्या टायरवर सायकल पळतेय असं वाटतं खरं, पण खडबडीत रस्त्यावर तो उड्या मारतो आणि दणके मणक्यापर्यंत पोचतात.

आता सोळा आठवडे. आठवड्यातून चारदा चालवा: एक लांब राईड, दोन राईड प्रत्येकी तास-दीड तासाच्या, आरामाच्या, आणि एक छोटी ज्यात चढ किंवा जोराचे काही तुकडे असतील. बाकी दिवस सुट्टी. सुट्टी हा सरावाचाच भाग आहे, कारण शरीर ताकद कमावतं ते आराम करताना.

लांब राईड मी अशी चढवत नेईन. पहिल्या महिन्यात ३०, ४०, ५० आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम ३५. दुसऱ्यात ५५, ६५, ७५, मग ५०. तिसऱ्यात ८५, १००, ११० आणि ७०. तेराव्या आठवड्यात १२५, चौदाव्यात १४५, पंधराव्यात ८०, सोळाव्यात ब्रेव्हे. सरावात पूर्ण २०० करायची गरज नाही. १४५ व्यवस्थित झाले, म्हणजे घरी येऊन जेवलात आणि दुसऱ्या दिवशी जिना धडपणे उतरलात, तर उरलेले ५५ त्या दिवशी होतात. एखादा आठवडा आजारपणात किंवा कामात गेला तर तो भरून काढायच्या फंदात पडू नका. सुटलं ते सुटलं, जिथे होतात तिथून पुढे चला.

लांब राईडचा जोर किती ठेवायचा? शेजारी कोणी असेल तर पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. तुटक तुटक उत्तरं यायला लागली की तुम्ही जास्त रेटताय. नव्या माणसाला हे पटत नाही, त्याला वाटतं घाम निथळला नाही तर सराव कसला. पण शरीरात ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा जेमतेम ४००-५०० ग्रॅम असतो, आणि जोर वाढवला की शरीर त्याच साठ्यावर तुटून पडतं. हळू चालवताना चरबीचा वाटा मोठा राहतो, साठा पुरतो, आणि तेच महिनोन् महिने केल्यावर स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या आणि चरबी जाळायची क्षमता दोन्ही वाढतात. पेडल मिनिटाला ८०-९० फेऱ्यांच्या आसपास फिरवा. सुरुवातीला उगाच पाय गरागरा फिरवल्यासारखं वाटेल, ७५ वर बरं वाटत असेल तर ७५ चालवा, पण पन्नास-साठवर जड गिअर दाबत बसू नका. गुडघे वसुली करतात.

खाणं. इथे सगळ्यात जास्त लोक गळतात. भूक लागल्यावर खायचं हा नियम सायकलवर चालत नाही, कारण भूक जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. मग डोकं हलकं होतं, चिडचिड होते, पायात जीव राहत नाही आणि समोरचा साधा चढ अंगावर येतो. पहिल्या पाऊण तासात पहिला घास पोटात जायला हवा आणि त्यानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. मध्यम आकाराच्या एका केळ्यात २५-२७ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज बांधा. तासाला ६० च्या वर जायचं असेल तर ग्लुकोजच्या जोडीला फ्रुक्टोज लागतं, कारण आतड्यातून दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. पण पहिल्या २०० ला तिथवर जायची गरज नाही. पोटालाही सराव लागतो, म्हणून त्या दिवशी जे खाणार ते प्रत्येक लांब राईडला खा, आणि ते मागच्या खिशातून एका हाताने काढून चालवता चालवता खाता आलं पाहिजे. घरून निघतानाच आवरणं थोडी फाडून ठेवा.

पाण्याला सगळ्यांना चालेल असा एक आकडा नाही. राईडच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी कमी पडलं. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यालात, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. तासन् तास नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्या. उन्हातल्या लांब राईडला एका बाटलीत मीठ असलेलं काहीतरी ठेवा.

पंक्चर काढायला आजच शिका, तेही मागच्या चाकावर. चेन सर्वांत छोट्या चकतीवर आणा, मगच चाक सोडवा. टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी येईल असं बसवायची सवय लावा. ट्यूबला भोक कुठे सापडलं ते कळलं की व्हॉल्व्हपासून तेवढंच अंतर मोजून टायरमध्ये नेमकी जागा शोधता येते. मग तिथे आतून बोट फिरवा, अगदी हळू, कारण बहुतेक वेळा तारेचा केसाएवढा तुकडा असतो, दिसत नाही, बोटाला टोचतो. तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घातलीत तर पाच मिनिटांत तीही जाते. नव्या ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून तिला आकार द्या, शेवटची कड लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) न चढवता अंगठ्यांनी चढवा आणि पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी बघून घ्या की ट्यूब कुठे चिमटली तर नाही. एकदा दिवे मालवून, हेडलॅम्पच्या उजेडात हेच करून बघा. जवळ दोन ट्यूब, पॅच, लिव्हर, पंप, मल्टीटूल. पुढचा-मागचा दिवा आणि हेल्मेट सांगायला नको.

छातीत कधी दुखलं असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा बऱ्याच वर्षांनी व्यायामाला हात घातला असेल तर पहिल्या आठवड्याआधी डॉक्टरांना भेटून या.

शेवटच्या आठवड्यात दोन छोट्या राईड, बाकी झोप. नवे बूट, नवी सीट, नवं खाणं काही नाही. त्या दिवशी सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात, त्यांना जाऊ द्या. पहिले ५० किमी आपल्याला फारच सोपे जातायत असं वाटलं पाहिजे. कंट्रोलवर पोचण्याआधीच मनात यादी करा: नोंद, बाटल्या, संडास, खिशात खाणं, चला. बसून खायचंच असेल तर अर्ध्यावर एकदाच.

राहिली क्लिपलेस पेडल. सपाट पेडल आणि कडक तळाचे बूट यांवर २०० किमी नीट होतात. क्लिपमुळे पाय घसरत नाही आणि चढावर उभं राहून चालवताना बरं वाटतं, पण क्लीट (बुटाच्या तळाला लावलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) दोन-तीन अंशांनी जरी वाकडी बसली तरी गुडघा दर मिनिटाला ऐंशी वेळा त्याच वाकड्या रेषेत फिरतो, आणि ते जुळवण्यात तुमचे तीन-चार आठवडे जातील. शिवाय सिग्नलला पाय सुटला नाही म्हणून जागच्या जागी आडवं व्हायचं वेगळंच. हौस असेल तर पहिल्या महिन्यातच लावा म्हणजे सवयीला वेळ मिळेल. दहावा आठवडा उलटल्यावर मात्र हातही लावू नका, ब्रेव्हे झाल्यावर बघा.