नव्याने रुजू होणाऱ्या निवासी डॉक्टरांना: बर्नआउट वेळीच ओळखा

निवासी डॉक्टर म्हणून थकवा येणारच, हे तुम्ही गृहीत धरले असेल. परंतु पुरेशा झोपेनंतर उतरणारा थकवा वेगळा आणि बर्नआउट वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन, न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी अलिप्तता किंवा कडवटपणा आणि घटलेली कार्यक्षमता ही त्याची तीन अंगे आहेत. यांपैकी दुसऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने संबोधणे घाईत सर्वांकडूनच होते. मात्र नातेवाइकांचा साधा प्रश्नही सतत छळ वाटू लागला, तर ती धोक्याची खूण समजावी.

व्यायाम आणि ध्यान यांचा उपयोग होतो, पण सलग रात्रपाळ्या, अपुरे मनुष्यबळ आणि नोंदींचे ओझे ही मूळ कारणे त्यांनी दूर होत नाहीत. म्हणून पाळ्यांची आखणी, पाळीनंतरची विश्रांती आणि लिपिकाकडे सोपवता येण्याजोगी कामे यांविषयी सहकाऱ्यांसह विभागप्रमुखांकडे लेखी मागणी करावी; एकट्याची तक्रार सहज दुर्बलता ठरवली जाते.

कामापासून दूर असतानाही कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी, आणि आत्महत्येचे विचार आल्यास तर विनाविलंब, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे; स्वतःच औषध लिहून घेऊ नये.