सासूबाईंना घेऊन बँकॉक

प्रश्न : नमस्कार भाऊ, आम्ही भुसावळचे. डिसेंबरात बँकॉकला जायचं चाललंय, मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई माळकरी, कांदा-लसूणसुद्धा चालत नाही, त्या म्हणतात तिकडे लोक किडे खातात, मी काय उपाशी मरू का. टूरवाला म्हणतो पॅकेजच घ्या, आणि मिस्टरांच्या डोक्यात बसलंय की तिकडून सोनं आणायचं, स्वस्त असतं म्हणे. आपलं आपण जाणं जमेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, आरामात जमेल. मुंबईहून विमान साडेचार तासांच्या आसपास घेतं, भुसावळहून मुंबई गाठायलाच त्यापेक्षा जास्त वेळ जातो. घड्याळ दीड तास पुढे करायचं. व्हिसाचे नियम मागेपुढे होत राहतात म्हणून तिकीट काढायच्या आधी दूतावासाची साइट बघा, आणि तिकडे पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. मे 2025 पासून ते सगळ्यांना लागतं आणि सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की सरळ बंद करा.

आता सासूबाईंचं जेवण, कारण तुमची खरी काळजी तीच दिसतेय. किडे विकणारे गाडे आहेत, खोटं कशाला बोलू, पण ते टूरिस्टांच्या फोटोसाठीच जास्त. तुम्ही पिवळा झेंडा शोधा, त्यावर लाल अक्षरं असतात आणि आपल्याला ती इंग्रजी सतरासारखी दिसतात. याला ते ‘जे’ म्हणतात, म्हणजे मांस-मासे, अंडी, दूध तर नाहीच पण कांदा-लसूणही नाही. माळकऱ्याला याहून काय पाहिजे! चिनी वस्तीत, याओवारातकडे, अशी दुकानं सापडतात. साध्या हॉटेलात मात्र नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, भाजी समोर येते पण त्यात माशाचं पाणी, ‘नाम प्ला’, मिठाच्या जागी घातलेलं असतं आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. म्हणून ‘किन जे’ असं सांगायचं, जे खातो असा अर्थ, बाईने शेवटी ‘खा’ जोडायचं, मान ठेवल्यासारखं होतं. इंडियन जेवण पाहुरात भागात मिळतं, मोठा गुरुद्वाराही तिथेच आहे, पण हॉटेलच्या ग्रेव्हीत कांदा असणारच. विमानात खायला दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी घ्या म्हणजे पहिला दिवस निघतो.

आणि केळी! रावेर-यावलकडच्या माणसाने हे बघावंच, तिकडे सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात एकच केळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकायला ठेवलेलं असतं, आपल्याकडे घड विकणाऱ्याला हसू आवरणार नाही. रस्त्यावर निखाऱ्यांवर भाजलेली बुटकी, जाडसर केळी मिळतात, बाहेरून कडक, आत मऊ आणि किंचित आंबट. ती सासूबाईंना नक्की चालतील, फक्त वर काही ओतू देऊ नका.

सोन्याचं मिस्टरांना नीट समजावा. याओवारातची लाल-सोनेरी दुकानं बघण्यासारखी आहेत, माल चोख असतो, 96.5 टक्के, म्हणजे आपल्या 22 कॅरेटच्या वरच. पण माप तोळ्याचं नाही, ‘बाथ’चं. पैशाचं नाव तेच आणि वजनाचंही तेच! दागिन्यात एक बाथ म्हणजे 15.16 ग्रॅम, भाव ऐकून लोक तोळ्याशी तुलना करतात आणि गोंधळतात. शिवाय येताना कस्टम आहे, दागिन्यांवरची सूट वर्षभराहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्याला, आठ दिवस फिरून येणाऱ्याला नाही. ड्युटी, घडणावळ सगळं धरलं तर जळगाव काय वाईट आहे हो?

फिरायला पॅकेजची बस घेऊ नका, अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो. वरून जाणारी स्कायट्रेन आणि खालची मेट्रो घ्या, फक्त दोघींची तिकिटं वेगळी. सानाम चाय मेट्रो स्टेशनवर उतरलात की ‘वाट फो’ जवळच, ‘वाट’ म्हणजे तिकडे देऊळ, तिथला निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. मग था तिएन धक्क्यावरून होडीने चाओ फ्राया नदी ओलांडली की समोर वाट अरुण. होडीला सुट्टे पैसे काढून ठेवा.

प्रश्न : आमच्या ओळखीच्यांना बँकॉकच्या राजवाड्याबाहेर एकाने ‘आज बंद आहे’ सांगून रिक्षात घातलं आणि खड्यांच्या दुकानात नेलं. हे काय प्रकरण असतं?
– एक वाचक, धुळे

उत्तर : जुनंच आहे हे, वर्षानुवर्षं चाललंय आणि तरी लोक फसतात. नीटनेटके कपडे घातलेला, गोड बोलणारा माणूस गेटपासून थोडं लांब भेटतो, म्हणतो आज बौद्धांचा सण आहे, राजवाडा दुपारी उघडेल, तोवर वीस-तीस बाथमध्ये टुकटुक तुम्हाला फिरवून आणेल. एवढ्या स्वस्तात कोण फिरवतं भो? आधी एखादं देऊळ दाखवतात, तिथे दुसरा एक ‘योगायोगाने’ भेटतो आणि खड्यांवर सरकारी सूट आजच संपतेय सांगतो, मग दुकान, टुकटुकवाल्याला तिथून कमिशन. तेव्हा कोणाचं ऐकायचं नाही, थेट गेटपर्यंत चालत जायचं, राजवाडा साधारण रोज सकाळी साडेआठला उघडतो. परदेशी माणसाला तिकीट 500 बाथ. हाफ पँट, बिनबाह्यांचा टॉप असेल तर आत सोडत नाहीत, साडीला काही अडचण नाही. टॅक्सीत बसताना ‘मीटर’ म्हणा, नाही म्हणाला तर दुसरी घ्या, मीटर 35 बाथपासून सुरू होतो, नाहीतर टॅक्सी बोलवायचं ग्रॅब ॲप आहेच. आणि राजघराण्याबद्दल गमतीतही काही बोलू नका, तिकडे त्यासाठी जेल आहे.

प्रश्न : आम्हाला 44-45 डिग्रीची सवय आहे, मग मेमध्ये गेलो तर? तेव्हाच सुट्ट्या असतात.
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : आकडा आपल्यापेक्षा कमीच असतो पण आपलं ऊन कोरडं, तिकडे घाम वाळतच नाही, आणि मेमध्ये पावसाच्या सरीही सुरू होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं. मेच करायचा असेल तर देवळं सकाळी उरकून घ्या, दुपार मॉलमध्ये काढा, आणि मॉलचा एसी इतका गार असतो की म्हातारं माणूस सोबत असेल तर एक शाल पिशवीत टाकाच.