मृदा संशोधन नव्हे! शोधन आणि शमन

एका वाचकांनी विचारलंय : त्यांच्या तालुक्यातल्या एका बंद कारखान्याच्या जमिनीबद्दलच्या टिपणात 'वनस्पती उपचार व मृदा संशोधन यांद्वारे जड धातूंचे निर्विषीकरण करावे' असं वाक्य आहे. हे शब्द बरोबर आहेत का, आणि नसतील तर काय लिहावं?

बरोबर नाहीत. 'जड धातू' तेवढा ठेवा, बाकीचे तिन्ही बदला.

'मृदा संशोधन' आधी घेतो, कारण हा शब्द गेली काही वर्षं डोळ्यांत खुपतोय. मागच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर खताच्या दुकानात एका पोत्यावर कागद चिकटवलेला पाहिला : 'मृदा संशोधन – एकरी चार पोती.' माझ्यापुढे उभे असलेले काका दुकानदाराला विचारत होते, हे संशोधन करायला कोण येणार, विद्यापीठातली माणसं का? त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मराठीत संशोधन माणसं करतात. ते चार पोती आणून शेतात पसरता येत नाही.

हा घोळ कुठून आला ते उघड आहे. मातीत घालायच्या चुन्या-जिप्समला आणि राज्यघटनेतल्या बदलाला इंग्रजीत एकच शब्द, अमेंडमेंट. हिंदीत त्याचं झालं संशोधन, कारण हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, 'संविधान संशोधन' म्हणतात ते त्यामुळेच. आपण मात्र घटनादुरुस्ती म्हणतो आणि संशोधन रिसर्चसाठी राखून ठेवतो. गुजरातीही तेच करते. हिंदीवरून मराठी करणाऱ्याने शब्द उचलला आणि अर्थ तिकडेच राहिला. आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्याकडे शब्द असताना! चोपण जमिनीला जिप्सम घाला असं सांगणाऱ्या कुठल्याही शेतीच्या मासिकात 'भूसुधारक' हा शब्द भेटेल. शेतकऱ्याला तो कळतो. तोच वापरा.

एवढ्यावर उत्तर संपतं, पण खरी गंमत पुढे आहे. 'संशोधन' इथे एकदा नव्हे, दोनदा चुकतं. दुसऱ्या चुकीसाठी शुध् या धातूकडे जावं लागेल.

शुध् म्हणजे शुद्ध होणं. शोधन म्हणजे शुद्ध करणं. मग मराठीत 'शोधणे' म्हणजे धुंडाळणं कसं झालं? तांदूळ निवडायला बसलेल्या माणसाचा हात बघा. बोट दाण्यांतून फिरतं, खडा सापडतो, खडा बाजूला पडतो. खडा शोधला, आणि त्याच हालचालीत तांदूळ शोधले गेले, म्हणजे शुद्ध झाले. क्रिया एकच. संस्कृतने तिचा निकाल पाहिला, मराठीने तिच्यातली धडपड पाहिली. निवडणं, धुंडाळणं आणि स्वच्छ करणं अशा तीन गोष्टी एका धातूत सांगणारा हा शब्द मला फार जवळचा वाटतो.

आयुर्वेदाने याच शोधनाला शमनासमोर उभं केलं. वमन-विरेचनाने, म्हणजे उलटी-जुलाब करवून, दोष शरीराबाहेर काढले तर ते शोधन. दोष बाहेर न काढता आतल्या आत शांत केले तर ते शमन. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटलंय की लंघन-पाचनाने जिंकलेले दोष पुन्हा कधीतरी कोपू शकतात, पण 'जिताः संशोधनैर्ये तु न तेषां पुनरुद्भवः', संशोधनाने जिंकलेले पुन्हा उठत नाहीत. शब्द बघा : संशोधनैः. बाहेर काढणं, हाच त्याचा अर्थ.

आता मातीकडे या. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांनी बिघडलेल्या जमिनीवर दोन अगदी वेगळे इलाज आहेत, आणि ते नेमके याच दोन शब्दांत बसतात.

पहिला, शमन. चुना घातला की मातीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा; तो उतरला की माती आंबट) वाढतो आणि कॅडमियम, जस्त, शिसं पाण्यात कमी विरघळतात, मुळांना कमी मिळतात. फॉस्फेट घातलं तर शिशाशी त्याचं असं संयुग बनतं की ते सहसा सुटत नाही. अमेरिकेत ओकलंडच्या साउथ प्रेस्कॉट वस्तीत शिशाने भरलेल्या अंगणांत तिथल्या पर्यावरण संस्थेने माशांचे काटे दळून मिसळले, कारण काट्यांत कॅल्शियम फॉस्फेट असतं. कोकणात माडाला मासळीचं खत घालणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, फक्त इथे ते झाडाला पोसण्यासाठी नाही, शिशाला बांधून ठेवण्यासाठी आहे. शिसं जमिनीतच राहतं. वाळ्यासारखं खोल मुळांचं गवत लावून माती धरून ठेवणं, धूळ उडू न देणं, हेही शमनच. आणि चरकाने सांगितलेला धोका इथेही तसाच आहे : पुढे माती पुन्हा आंबट झाली, सामू उतरला, की चुन्याने दबलेला धातू परत विरघळायला लागतो. आर्सेनिकची तर तऱ्हाच उलटी. शिशाला बांधणारं फॉस्फेट आर्सेनिकला मातीच्या कणांवरून ढकलून मोकळं करू शकतं. एकाचं पथ्य ते दुसऱ्याचं कुपथ्य.

दुसरा इलाज शोधन. धातू मुळांनी ओढायचा, पानांत साठवायचा, पान कापून न्यायचं. टेरिस व्हिटाटा नावाचा नेचा आपल्याकडे जुन्या चुन्याच्या भिंतींच्या फटींतून उगवतो. फ्लोरिडातल्या आर्सेनिकने बिघडलेल्या जागेवर तोच सापडला, आणि त्याच्या पानांत वाळल्या वजनाच्या 2 टक्क्यांपर्यंत आर्सेनिक साठू शकतं हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालं. न्यू कॅलेडोनियातल्या एका झाडाला खाच पाडली की निळा-हिरवा चीक येतो, आणि वाळवल्यावर त्यात सुमारे 25 टक्के निकेल असतं. शिशासाठी आपल्या मोहरीवर पुष्कळ प्रयोग झाले. शिसं सहजी वर चढत नाही म्हणून ईडीटीए हे धातूला धरून विरघळवणारं रसायन घालून ते सुटं करतात. सुटं झालेलं शिसं मुळांकडेच जाईल असं नाही, ते विहिरीकडेही जाऊ शकतं. म्हणून यात फार जपावं लागतं.

म्हणजे चुन्याला 'संशोधन' म्हणणं हे नुसतं हिंदीचं अनुकरण नाही. जो पदार्थ शमन करतो त्याला शोधनाचं नाव दिलंय. वाचणाऱ्याला वाटतं विष निघून गेलं, आणि ते तिथेच असतं.

आता 'वनस्पती उपचार'. या विषयावर लिहिणारे एक ज्येष्ठ अभ्यासक या शब्दाचं हिरिरीने समर्थन करतात. त्यांचं म्हणणं, वनस्पतींकडून माती स्वच्छ करण्याला इंग्रजीत जे फायटोरेमेडिएशन म्हणतात, त्यातलं लॅटिन रेमेडियम हे बरं करणं या अर्थाच्या धातूवरून आलंय, तेव्हा उपचारच हवा. लॅटिन त्यांचं बरोबर आहे. मराठी कानाचा त्यांनी विचार केला नाही. जलोपचार, निसर्गोपचार म्हटलं की आपल्यापुढे आजारी माणूस येतो. 'वनस्पती उपचार' ऐकून लोक काढा शोधतील. 'शोधन' त्यांना नको, का तर तो रसशास्त्राचा, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं करण्याच्या आयुर्वेदातल्या शास्त्राचा शब्द आहे. अहो, म्हणूनच तर हवा! रसशास्त्रात शिसं वितळवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत सात-सात वेळा ओततात, तिथे धातूचं शोधन. इथे मातीतून धातूचं. आठशे-हजार वर्षं धातूंच्या शेजारी वावरलेला शब्द हाकलून द्यायचा आणि त्या जागी लॅटिनची सावली आणायची, हे मला अजिबात पटत नाही.

माझा शब्द 'भूशोधन'. त्यावर त्यांचा आक्षेप, यात वनस्पती कुठे आहे? आहे. रटगर्स विद्यापीठातल्या इल्या रास्किन यांच्या गटाने 1990च्या दशकात रूढ केलेल्या फायटोरेमेडिएशन या शब्दातलं 'फायटो' म्हणजे ग्रीक फुतोन, रोप. ते आलं फुएइन, उगवणं, यावरून. संस्कृत भ तिथे ग्रीक फ : भरामि-फेरो, भ्राता-फ्रातेर. त्याच वाटेने फुएइन म्हणजे आपला भू धातू. त्यातूनच भू, भूमी, भुई. आणि भवतिचं प्राकृतात होइ होऊन आपलं 'होणे'. ग्रीकांनी जे झालं त्याला, रोपाला, हे नाव दिलं, आपण जिथे होतं त्या जागेला दिलं. मराठीत तर दोन्ही अजून एकत्र नांदतात. 'आमच्याकडे नाचणी होते', 'यंदा मोहरी चांगली झाली' असं म्हणतो तेव्हा होणे म्हणजे उगवणंच असतं. भुईत जे होतं ते फुतोन. भूशोधनात रोप आधीपासून रुजलेलं आहे.

ज्यांना हे इतकं खोल नको असेल त्यांनी पहिल्यांदा 'वनस्पतींकडून भूशोधन' लिहावं, पुढे नुसतं भूशोधन. 'वनस्पतिशोधन' मात्र नको, वनस्पतींचं शोधन की वनस्पतींनी शोधन, ते समासावरून कळत नाही.

राहिलं 'निर्विषीकरण'. कीटकनाशक कुजून निर्विष होऊ शकतं. शिसं मूलद्रव्य आहे, ते मोडत नाही, फक्त जागा बदलतं. मातीतून मोहरीत आलं तर आता मोहरी विषारी आहे, आणि ती घाण्यावर किंवा गुरांपुढे जाता कामा नये. तुमच्या टिपणात कापलेल्या पिकाचं काय करायचं याबद्दल एक ओळही नसेल, तर ती आधी मागा. आणि ते वाक्य असं लिहून द्या : 'जड धातूंनी दूषित जमिनीचे वनस्पतींकडून भूशोधन करावे, जिथे ते शक्य नाही तिथे भूसुधारके घालून धातूंचे शमन करावे, आणि सामू दरवर्षी तपासावा.'